ढील

काटेरी लगाम अजून माझ्या घरात आहे. गोठ्याच्या भिंतीतल्या देवळीत फडक्यात गुंडाळून ठेवला आहे. घोड्याच्या तोंडात लगामाचा जो लोखंडी भाग बसतो त्याला कडियाळं म्हणतात. या कडियाळ्याला आतून खिळे आहेत, ज्वारीच्या दाण्याहून थोडे लांब, घासून टोक काढलेले. दोर ओढला की ते ओठांच्या कोपऱ्यात आणि गालात रुततात. हा लगाम मी स्वतः पैसे मोजून आणला, स्वतःच्या हातानं माझ्या घोडीच्या, हरणीच्या, तोंडात घातला, आणि तिच्या तोंडाला गुलाबी फेस आला तेव्हा चारचौघांत म्हणालो, ‘आता येईल वठणीवर.’ हे मला आधी सांगून टाकायचं आहे.

ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठी केंद्र सरकारनं 1965 साली नियम केले, त्यांत काटेरी लगामाला मनाई आहे. तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. पण ठाऊक असतं तरी मी थांबलो नसतो. धाक नसेल तर घोडं डोक्यावर बसतं, आणि चांगला शिकवणारा म्हणजे ज्याच्या नुसत्या खाकरण्यानं घोडं थरथरतं तो, अशी माझी पक्की समजूत होती. जुन्या मराठीत घोडा तयार करणाऱ्याला चाबुकस्वार म्हणतात. शब्दातच चाबूक आहे, मग त्यात विचार करण्यासारखं काय उरलं, असं मला वाटायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत बत्तीस वर्षं शिकवलं. गाव देऊळगाव राजा तालुक्यात, म्हणजे घाटावर. सिंदखेडराजा तसं जवळच. दर 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थळी लोक लोटतात, लखुजीराजे जाधवांच्या वाड्याकडे जाणारा रस्ता फेट्यांनी भरून जातो. त्या गर्दीत कुणाकुणाचं घोडं असतं. लहानपणापासून माझ्या मनात होतं की एक दिवस आपणही आपल्या घोडीवर बसून तिथं जायचं. नोकरी, बहिणींची लग्नं, मुलांची शिक्षणं यांत ते राहून गेलं. निवृत्त झालो त्याच वर्षी दत्तजयंतीला मी सारंगखेड्याला गेलो.

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, तापीच्या काठावर. एकमुखी दत्ताची यात्रा आणि तिला लागून घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठियावाडी, नुकरे, अबलख. कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, पायांत घुंगरू. माणूस हरखून जातो. मी दोन दिवस फिरलो. गळ्यावर देवमण आहे का, अंगावरचे भोवरे कुठे आहेत, चारी पाय पांढरे आहेत का, हे विचारून विचारून मी व्यापाऱ्यांना बेजार केलं. शेवटी एक कुमैत घोडी घेतली, कपाळावर चांदणी असलेली, दातांवरून पाच वर्षांची. देवमणाबद्दल तासभर बोललो, पण ही पाय उचलू देते का, म्होरकी घालताना मान खाली करते का, एकटी बांधली तर उभी राहते का, यातलं एक अक्षरही विचारलं नाही. तिला मोकळं चालवूनही पाहिलं नाही. व्यापारी तिला नाचवत आला आणि मी पैसे दिले.

दत्तजयंती ते 12 जानेवारी, मधे महिनाही नव्हता. माझी सगळी चूक त्या महिन्यात आहे असं मी पुष्कळ दिवस म्हणत होतो. तेवढीच ती नव्हती.

घोडी तयार करून देणारा एक जण मिळाला. एकवीस दिवसांत तयार करतो म्हणाला. वर नाचकामही शिकवीन म्हणाला, लग्नसराईत पैसे सुटतील. त्याची पद्धत मी शेजारी खुर्ची टाकून पाहिली. दोन खुंटांना दोन बाजूंनी मान बांधायची, मागं पिछाडी आवळायची, ढोलकी सुरू करायची आणि ठेक्यावर पुढच्या नळीवर छडी मारायची. घोडी पाय उचलते तो ठेका चुकवायला नव्हे, मार चुकवायला. लांबून ते नाचणं दिसतं. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोड्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यानं म्हटलं आहे की बळजबरीनं करवून घेतलेली गोष्ट घोड्याला कळत नाही आणि ती सुंदरही दिसत नाही, जसं एखाद्या नाचणाऱ्याला चाबकानं मारून नाचवलं तर दिसणार नाही. हे मी नंतर वाचलं. त्या वेळी मी चहा पीत पाहत होतो आणि पाय चांगला उचलते म्हणून बक्षीस दिलं होतं.

चौदाव्या दिवशी घोडी मला पाहिलं की पाठ करून उभी राहू लागली. दाणा घेऊन गेलो तरी कान मागं. नालबंद आला, तिनं पुढचा पाय धरू दिला नाही. दोघांनी दाबून धरली, तिसऱ्यानं कान पिळला, मी काठी घातली. नाल ठोकल्याशिवायच नालबंद गेला. मग तो लगाम आला.

11 जानेवारीला संध्याकाळी सराव म्हणून घोडी रस्त्यावर काढली. बसवलं अक्काच्या मुलाला, माझ्या भाच्याला, एकोणीस वर्षांच्या पोराला. का, तर तरणं पोर आहे, मांड पक्की आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला तिची भीती वाटायला लागली होती आणि ते मी कुणाजवळ बोललो नव्हतो. समोरून कर्णा लावलेली ट्रॅक्टरची ट्रॉली आली. घोडी बिचकली, पोरानं घाबरून लगाम खेचला, खिळे रुतले आणि ती मागच्या दोन पायांवर उभी राहिली. पोर पाठीवर पडलं. हासळीचं हाड मोडलं. घोडी रात्री दहाला सापडली, तुरीच्या वावरात, दोर पायात गुंतलेला, अंग घामानं निथळत होतं. अक्का माझ्याशी तीन महिने बोलली नाही. मी सिंदखेडराजाला गेलो नाही.

घोडी विकायची असं ठरवलं. विकण्याआधी जखम बरी दिसावी म्हणून पशुवैद्यकीय डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बराच वेळ नुसता हात तिच्या मानेवर ठेवला, मग अंगठा ओठांच्या कोपऱ्यातून आत सारून तोंड उघडलं आणि मला म्हणाले, ‘सर, इकडे या, बघा.’ घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी हिरडी असते, तिथं दात नसतोच. लगाम बसतो तो त्याच जागी. हिरडी पातळ, तिच्याखाली लगेच हाड. हरणीच्या हिरडीवर दोन्ही बाजूंना चिरा होत्या, एक पिकली होती. डॉक्टर मला काही बोलले नाहीत. औषध लिहून दिलं आणि म्हणाले, ‘विकू नका एवढ्यात. खामगावला एक म्हातारे आहेत, त्यांना भेटा.’

कोषागाराच्या कामाला बुलढाण्याला गेलो होतो, तिथूनच बोथ्याच्या घाटानं, ज्ञानगंगेच्या जंगलातून खाली खामगावला उतरलो. ते म्हातारे म्हणजे चाचा, पूर्वी टांगा हाकायचे. टांगे गेले, रिक्षा आल्या, पण त्यांनी एक म्हातारी पांढरी घोडी ठेवली आहे. मी अंगणात पोचलो तेव्हा ते तिचा मागचा खूर मांडीवर घेऊन साफ करत बसले होते आणि घोडी कशालाही बांधलेली नव्हती. तिचा एक कान त्यांच्याकडे होता, दुसरा माझ्याकडे वळला. खालचा ओठ सैल लोंबत होता. पाच वर्षांच्या देवमणवाल्या घोडीत महिन्याभरात मी जे एकदाही पाहिलं नव्हतं ते इथं मी पाहिलं: घोडं निवांत कसं दिसतं.

मी म्हणालो, ‘चाचा, घोडी शिकवून द्या. म्हणाल ते देतो.’

ते म्हणाले, ‘घोडी काय शिकवाची, गुरुजी? तिले सारं येते. चालाले येते, थांबाले येते, पाय उचलाले येते. तुमच्यासंगं करत नाही, एवढंच. तुमी शिकान तर येतो. घोडी शिकवाले येत नाही.’

मला ते झोंबलं. बत्तीस वर्षं शिकवलेल्या माणसाला ते झोंबणारच. घाट चढून परत येईपर्यंत मी चिडलेलाच होतो. आठ दिवसांनी फोन केला. चिखलीला त्यांची लेक दिली आहे, तिच्याकडे ते येऊन राहिले आणि तिथून माझ्या गावी येऊ लागले.

पहिल्या दिवशी त्यांनी हरणीला हात लावला नाही. मला म्हणाले, तिला हौदावर पाणी पाजून आणा. मी आणलं. नेहमीसारखं, हनुवटीखाली दोर मुठीत घट्ट आवळून, पुढं ओढत. ते निंबाखाली बसून पाहत होते. मी परत आल्यावर म्हणाले, ‘घोडी भेऊन रायली, गुरुजी. अन् तुमीबी भेऊन रायले.’

जे मी अक्कापासून, बायकोपासून, भाच्यापासून लपवलं होतं ते या माणसाला पन्नास पावलांत दिसलं. मी खाली बसलो. त्या दिवशी तेवढंच झालं.

पुढं जे शिकलो ते सगळं एका शब्दाभोवती होतं: ढील. पतंगाला देतात ती. घोडं ओढण्यानं शिकत नाही, ओढ थांबते त्या क्षणी शिकतं. दोर थोडा ताणायचा, तिनं पाऊलभर पुढं टाकलं की त्याच क्षणी सैल. पुढच्या क्षणी नाही, त्याच क्षणी. उशीर झाला तर तिला कळतच नाही की आपलं काय बरोबर झालं. आणि मी तर कधी सैल सोडतच नव्हतो. ती चालत असतानाही ओढत होतो, थांबली तरी ओढत होतो. तिच्या बाजूनं पाहिलं तर या माणसाजवळ काहीही केलं तरी दुखायचं थांबत नाही, एवढंच तिला कळलेलं. मग तिनं ऐकायचं कशासाठी?

चालायचं खांद्याशी, पुढं नाही. हात दोराच्या सैल झोळात. मी थांबलो की तिनं थांबायचं, मी मागं सरलो की तिनं एक पाऊल मागं. जवळ जायचं ते बोलत, खांद्याच्या बाजूनं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण अगदी कपाळासमोर आणि अगदी शेपटीमागे त्याला दिसत नाही. मी रोज सरळ समोरून जाऊन कपाळावर हात ठेवत होतो, लाडानं. तिच्या दृष्टीनं माझा हात मध्येच नाहीसा व्हायचा आणि मग अंगावर येऊन पडायचा.

खाण्याचंही तसंच. तेज यावं म्हणून मी दोन वेळा भिजवलेला हरभरा तोबऱ्यातून देत होतो आणि कडबा जेमतेम. आमच्याकडे सगळीकडे सोयाबीन झाल्यापासून ज्वारीचा कडबा महाग झाला आहे, हेही आहेच. पण घोड्याचं पोट लहान, त्याला दिवसभर थोडंथोडं चघळायला लागतं, आणि ओकता येत नसल्यामुळे पोट बिघडलं तर जिवावर बेततं. चाचा म्हणाले, ‘पोटात आग घालता अन् पायाले दोर बांधता. मंग ते जाईन कुठं?’ दाणा कमी केला, कडबा वाढवला, वावरात कुंपण करून दोन तास मोकळी सोडायला लागलो. आठवड्यात तिचं अर्धं भूत उतरलं.

पाय उचलण्याचं मला विस्तारानं सांगायचं आहे. चाचांनी मला हात खांद्यावरून खाली, कोपरावरून, गुडघ्यावरून, खुराच्या वर जिथं केस लांब असतात तिथपर्यंत नेऊन दाखवायला सांगितलं. पकडायचं नाही. हात नळीवर आला तेव्हा हरणीनं वजन दुसऱ्या पायावर घेतलं, इतकंच, पाय जमिनीवरच. चाचा म्हणाले, ‘सोडा.’ मी म्हणालो, पाय तर उचललाच नाही. ‘उचलाचा इचार केला ना तिनं? सोडा.’ त्या दिवशी तेवढ्यावर थांबायला लावलं. मला तो दिवस फुकट गेला असं वाटलं. चौथ्या दिवशी टाच उचलली. अकराव्या दिवशी तिनं स्वतःहून खूर माझ्या तळहातात ठेवला. खूर जड असतो, कोमट असतो. आकड्यानं चिखल काढला तर नाकात सडका वास भरला. मधला मऊ त्रिकोण काळा पडून चिघळला होता आणि त्याच्या कडेच्या खाचेत वाटाण्याएवढी गिट्टी अडकून बसली होती. खूर दीड-दोन महिन्यांनी तासायचे असतात. ते कधी तासले होते कोण जाणे. पाय दुखत होता म्हणून ती देत नव्हती. त्याच पायासाठी मी तिच्यावर काठी चालवली होती.

मी खडा काढला, आणि मला खूर हातात धरून उभं राहवेना. चाचा काही बोलले नाहीत, त्यांनी पाय माझ्या हातून घेऊन हळूच खाली ठेवला.

आमच्या घरी दरवर्षी गजानन विजय ग्रंथाचं पारायण होतं. नवव्या अध्यायात गोविंदबुवा टाकळीकरांच्या द्वाड घोड्याची कथा आहे. लाथा झाडणारा, चावणारा, साखळदंडानं बांधावा लागणारा तो घोडा, आणि शेगावच्या मंदिरात रात्री महाराज त्याच्या चार पायांमध्ये जाऊन निजले. मी ती कथा चाळीस वर्षं ऐकली आणि दर वेळी चमत्कार म्हणून हात जोडले. श्रद्धा माझी होती तशीच आहे. पण त्या वर्षी वाचताना मी अडखळलो, कारण त्या कथेत काठी नाही, लगाम नाही, आरडाओरडा नाही. ज्या घोड्याजवळ जायला सगळे भितात त्याच्याजवळ न भिता जाऊन कुणीतरी शांत पडून राहतं. शेगावपासून एवढ्या जवळ राहून, इतकी पारायणं करून, मी माझ्या गोठ्यात खिळ्यांचा लगाम कसा टांगला, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही.

चौथीच्या वर्गाला शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला लिहिलेलं पत्रही मी किती वेळा समजावून सांगितलं. दाणा-वैरण आत्ताच उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखं होईल, असं त्यात बजावलं आहे. मुलांना माझा हा पाठ आवडायचा. मी तो चांगला शिकवायचो.

आणि आता शाळेचं. शिक्षण हक्क कायदा 2010च्या एप्रिलपासून लागू झाला, मुलांना शारीरिक शिक्षा करायला बंदी आली. मी छडी कपाटावर टाकली. कायद्याला भिऊन टाकली, पटून नाही. स्टाफरूममध्ये शेवटपर्यंत म्हणत राहिलो की आता पोरांना धाक उरला नाही. छडी गेली तरी माझा आवाज होता, फळ्यापाशी उभं करून ठेवणं होतं. एक मुलगा भागाकार यायचा नाही म्हणून महिनाभर रोज फळ्यापाशी उभा राहिला. आता तो मोठा झाला आहे, भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याला तेव्हा नीट दिसत नव्हतं, पाचवीत चष्मा लागला. हरणीच्या खुरातला खडा हातात आला तेव्हा मला पहिल्यांदा तो मुलगा आठवला.

चाचांनी तीन महिने मला खोगीर चढवू दिलं नाही. खोगीर नुसतं दाखवायचं, वास घेऊ द्यायचा, पाठीवर ठेवून लगेच काढायचं, तंग एकदम आवळायचा नाही, एकेक भोक. लगाम म्हणून साधं गुळगुळीत, मधे सांधा असलेलं कडियाळं, तेही हिरडी पूर्ण भरून आल्यावर, थंडीत हातानं ऊब देऊन. अक्षय्य तृतीयेला मी पहिल्यांदा बसलो आणि आम्ही वावराच्या बांधापर्यंत चालत गेलो. दुडकी नाही, काही नाही. भाचा कुंपणाबाहेर उभा होता. आत ये म्हटलं, तो आला नाही, आणि मी आग्रह केला नाही.

आता गावातलं किंवा शेजारच्या गावातलं कुणी घोडं घेतलं की मला विचारतात, शिकवणारा कोण बघू? मी सांगतो, आधी त्याची स्वतःची घोडी बघा. तो गोठ्यात शिरला की ती तोंड वळवते की पाठ. तिच्या ओठांचे कोपरे बघा, तिथं पांढरे व्रण आहेत का. दिवस किती लागतील विचारा. आकडा लगेच सांगितला तर उठून या. दोर तुमच्या हातात देतो का ते बघा. जो म्हणतो तुम्ही लांब थांबा, मी तयार करून देतो, त्यानं तयार केलेली घोडी त्याच्यापुरतीच तयार असते, आणि तीही भीतीनं. आणि तुमची चूक तुमच्या तोंडावर सांगतो का ते बघा. मला हे सगळं सांगणारा खामगावच्या एका अंगणात होता आणि मी त्याच्याकडे एक हाड मोडल्यावर गेलो.

लोक निम्मं ऐकतात. परवाच एक जण म्हणाला, सर, तुमच्याकडे तो जुना लगाम पडलाय ना, चार दिवसांपुरता द्या. मी दिला नाही. त्याला गोठ्यात नेऊन हरणीचं तोंड उघडून दाखवलं, हिरडीवर अजून एक रेघ आहे ती. तो बघून गेला. त्यानं कुठून दुसरा आणला असेल तर मला माहीत नाही, पण येत्या रविवारी मी त्याच्या वावरात जाणार आहे.

हरणी आता म्होरकी घालताना मान आपण होऊन खाली करते. चारी पाय देते. ट्रॅक्टर गेला तर कान टवकारते आणि माझ्याकडे पाहते. पण लोखंडावर लोखंड वाजलं की आजही तिची मान झटकन वर जाते आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. काल संध्याकाळी हौदावर बादलीची कडी खणकली, तसं झालं. ती पाणी पिता पिता थांबली, ओठांवरून थेंब गळत होते. मी दोर सैल सोडला आणि खांद्याशी उभा राहिलो. अंधार पडत आला तेव्हा तिनं पुन्हा तोंड पाण्याला लावलं.